तारल्यांच्या कारखान्यातलं जंगल

मासे डब्यात भरायच्या कारखान्यात तिकीट काढून जिवंत मासे बघायला जायचं, हे काही माझ्या मालवणी डोक्यात चटकन शिरेना. पण भाच्याने, समीरने, पिच्छा सोडला नाही. "मामा, तू चल तर. नाही आवडलं तर परत येताना गाडीभर मला शिव्या घाल." शिव्या घालायची आयती सोय झाल्यावर नाही म्हणणं बरं दिसेना. सॅन होजेहून निघालो.

जुलै महिना. सॅन होजेत ऊन रणरणत होतं, आणि तासाभरात समुद्राच्या बाजूला वळलो तर समोर धुकं. गाडीची काच खाली केली ती लगेच वर घेतली आणि मुकाट्याने स्वेटर चढवला. कॅलिफोर्नियाचा समुद्र उन्हाळ्यात गार का, हे समीरने मला सांगितलं. वायव्येकडून वाहणारे वारे किनाऱ्याचं वरचं पाणी आत खोल समुद्राकडे ढकलतात. त्याची जागा भरायला तळाचं थंडगार पाणी वर येतं, आणि येताना तळाचा सगळा कस घेऊन येतं. त्या कसावर शेवाळ, शेवाळावर बारीक जीव, त्यांच्यावर मासे आणि माशांवर देवमासे. धुकं म्हणजे या जेवणावळीची वाफ, असं मी मनात म्हटलं आणि स्वेटरची वरची गुंडीही लावली.

वाटेत मॉस लँडिंग लागतं. वीजकेंद्राची दोन उंच धुराडी, बोटींचा छोटा धक्का, सीगलांचा कलकलाट. आपल्या देवगडच्या बंदराची आठवण यावी असा गाव. पण या धक्क्याच्या तोंडापासूनच पाण्याखाली एक दरी सुरू होते आणि आत जाता जाता साडेतीन किलोमीटरपेक्षा खोल उतरते. आमच्याकडे खोल पाणी गाठायचं तर ट्रॉलर रात्रभर चालवावा लागतो. इथे खोल समुद्रच उंबऱ्याशी येऊन बसला आहे. त्यामुळे देवमासे किनाऱ्यावरून दिसतात, आणि लोक वडापाव खावा तितक्या सहजपणे सँडविच खात ते बघत उभे असतात.

मॉन्टेरे गावात शिरलो. प्रसिद्ध रस्ता कॅनरी रो. दोन्ही बाजूंना मिठाईची, टी-शर्टांची दुकानं, आणि पत्र्याच्या जुन्या कारखान्यांचे सांगाडे रंगवून नव्याने उभे केलेले. या रस्त्याचं मूळ नाव ओशन व्ह्यू अॅव्हेन्यू. जॉन स्टाइनबेकची 'कॅनरी रो' ही कादंबरी १९४५ साली आली आणि इतकी गाजली, की १९५८ साली रस्त्यानेच कादंबरीचं नाव घेतलं. तोवर ज्या कॅनरींवरून, म्हणजे मासे डब्यात भरायच्या कारखान्यांवरून, ते नाव पडलं होतं त्यांची धुराडी विझत आली होती.

इथे डब्यात भरली जायची ती सार्डिन. म्हणजे आमच्या तारलीची पॅसिफिकमधली चुलत बहीण. सिसिलीहून आलेले कोळी रात्री अंधारात जाळी टाकायचे. काळोखात माशांचा थवा पाण्यात चमकतो, त्या चमकेवर मासळी हेरायची, हे किनाऱ्यावरून रापण नावाचं मोठं जाळं ओढणाऱ्या आमच्या रापणकरांनाही ठाऊक आहे. बोट परतली की कारखान्याचा भोंगा वाजायचा. प्रत्येक कारखान्याच्या भोंग्याचा आवाज निराळा. अंथरुणातल्या बायका आवाजावरून ओळखायच्या, आपल्याला बोलावणं आहे की शेजारणीला, आणि मग अंधारातच टेकडी उतरून कामाला लागायच्या. मासळी किनाऱ्यापर्यंत उचलून आणायलाही पुढे माणूस लागेनासा झाला. समुद्रात तरंगत्या टाक्या बसवल्या, त्यात मासे ओतायचे आणि पाण्याखालच्या नळांतून पंपाने थेट कारखान्यात खेचायचे.

१९४१-४२ च्या हंगामात एकट्या मॉन्टेरेला जवळजवळ अडीच लाख टन सार्डिन उतरली. ही सगळी माणसांच्या पोटात गेली असती तर एक वेळ समजलं असतं. त्यातला मोठा वाटा दळून त्याची कुटी केली गेली, म्हणजे कोंबड्यांचं खाद्य, शेतीचं खत आणि तेल. डब्यापेक्षा कुटीत पैसा जास्त होता. हे कळल्यावर मी थबकलो. आमच्या घरीही तारलीचा सुकाळ झाला की माडाच्या बुंध्याशी टोपल्याच्या टोपल्या पुरल्या जायच्या. वडिलांचा रापणीत वाटा होता. 'समुद्राने दिलं, माडाने खाल्लं,' असं ते म्हणायचे, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. फरक इतकाच, की आमच्या टोपल्या मोजता येत होत्या.

दुसरं महायुद्ध संपलं आणि सार्डिनही संपली. दोन-तीन हंगामांत थवे दिसेनासे झाले, भोंगे गप्प पडले. याच रस्त्यावर एड रिकेट्स नावाच्या जीवशास्त्रज्ञाची छोटी लाकडी प्रयोगशाळा होती, ती अजून उभी आहे. स्टाइनबेकचा हा जिवलग मित्र. किनाऱ्यावरच्या जिवांवरचं त्याचं पुस्तक १९३९ साली आलं आणि आजही वापरलं जातं. लोक विचारायचे, सार्डिन गेली कुठे? डब्यात गेली, असं त्याचं उत्तर सांगितलं जातं. अर्थात गोष्ट एवढी सरळ नाही. समुद्रतळाच्या गाळात साठलेले माशांचे खवले मोजले तेव्हा कळलं, की माणसाचं जाळं पडायच्या कितीतरी शतकं आधीपासून इथली सार्डिन कधी भरभरून यायची, कधी ओसरायची. ओहोटीची वेळ आली होती हे खरं. पण ओहोटीतही आपण उपसत राहिलो, हेही खरं. १९६७ साली सरकारने मासेमारीवर बंदी घातली तेव्हा बंदी घालण्याजोगं फारसं उरलं नव्हतं. १९८६ साली मासळी परतली म्हणून बंदी उठली, आणि २०१५ साली पुन्हा तीच वेळ आली.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. केरळात २०१२ साली तारली जवळजवळ चार लाख टन मिळाली होती. २०२१ साली मिळाली साधारण ३३०० टन.

या रस्त्यावरचा शेवटचा मोठा कारखाना हॉव्हडेन यांचा. तो १९७३ साली बंद पडला. त्याच जागेवर, जुने बॉयलर तसेच ठेवून, १९८४ साली मॉन्टेरे बे अॅक्वेरियम उभं राहिलं. तिकीट काढून आत गेलो. जिथे सार्डिन उकडली जात होती, तिथे काचेमागे तिचा थवा गोल गोल फिरत होता, सगळ्यांची तोंडं एका दिशेला आणि अंग चांदीच्या नाण्यांसारखं. मालवणी माणसाच्या मनात अशा वेळी जे येतं ते माझ्याही आलं. ते मी समीरला सांगितलं नाही.

पण मला गप्प केलं ते पुढच्या दालनाने. साडेआठ मीटर उंचीची काचेची टाकी, वरून उघडी, वर खरं आभाळ. आत समुद्राच्या तळातून वर गेलेलं एक जंगल. केल्प नावाचं हे शेवाळ. शेवाळ म्हटल्यावर विहिरीच्या पायरीवरची निसरड डोळ्यांसमोर येते, तो शब्दच इथे तोकडा पडतो. मुळांसारख्या बोटांनी ते खडकाला घट्ट धरतं आणि माडासारखं सरळ वर जातं. मात्र त्याला ताठ खोड नाही. प्रत्येक पानाच्या देठाशी चिंचोक्याहून मोठा, हवेने भरलेला एक फुगा असतो. ते हजारो फुगे सगळं झाड वर तोलून धरतात. मोकळ्या समुद्रात ते तीस मीटरपर्यंत चढतं, आणि चांगल्या ऋतूत दिवसाला अर्धा मीटर वाढतं. म्हणजे सकाळी बघून गेलात तर संध्याकाळपर्यंत वीतभर पुढे गेलेलं. एक यंत्र टाकीत लाट आणत होतं. लाट आली की सगळं जंगल एकदम डावीकडे कलायचं, मग उजवीकडे. वारा सुटलेल्या माडाच्या बागेत खाली उताणं पडून वर बघावं, आणि झावळ्यांमधून पाखरांऐवजी मासे जावेत. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. समीर दोनदा कॉफी पिऊन आला.

मग पाणमांजरं. आमच्या कर्ली खाडीतही पाणमांजरं आहेत. जाळी फाडून मासे पळवतात म्हणून त्यांच्या नावाने कोळी बोटं मोडतात. पण हे समुद्रातलं पाणमांजर निराळंच. जन्मभर पाण्यात उताणं पडून राहतं. पोट हेच त्याचं ताट. पोटावर दगड ठेवतं, त्यावर शिंपला आपटतं, टक् टक् टक्, फुटला की खातं, आणि आवडता दगड काखेतल्या कातडीच्या खिशात जपून ठेवतं. झोपताना वाहून जाऊ नये म्हणून अंगाभोवती केल्पची दोरी गुंडाळून घेतं. सील-देवमाशांसारखी चरबी याच्या अंगावर नाही. थंडी थोपवते ती केवळ लव. माणसाच्या अख्ख्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. याच्या अंगावर नखाएवढ्या जागेत तितके असतात. तेवढ्यावर भागत नाही म्हणून रोज वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढं खावंही लागतं.

ती लवच त्याच्या मुळावर आली. रशियन, ब्रिटिश, अमेरिकन, सगळ्यांनी कातड्यासाठी ही जनावरं मारली. एके काळी पॅसिफिकच्या काठाने दीडेक लाख तरी होती. १९११ साली चार देशांनी मिळून शिकारबंदीचा करार केला तेव्हा हजार-दोन हजार उरली असतील. कॅलिफोर्नियात तर ती संपलीच असं सगळे धरून चालले होते. बिग सरच्या कड्यांखाली पन्नासेक पाणमांजरं लपून राहिली होती. १९३८ साली बिक्सबी ओढ्याजवळ माणसांनी ती पाहिली आणि मग जगाला कळलं.

आता यातली गाठ अशी. पाणमांजर खातं अर्चिन. अर्चिन म्हणजे लिंबाएवढा काटेरी गोळा, आमच्या खडपातही असतो, पायात काटा मोडला की आठवडाभर आठवण ठेवतो. अर्चिन खातो केल्प. पाणमांजरं गेली तेव्हा अर्चिन माजले आणि त्यांनी जंगलाची मुळं कुरतडून टाकली. जंगल गेलं, तसे त्यात राहणारे मासे गेले. टोपीवाल्यांनी कातडी नेली ती पाण्यावरून, आणि त्यापायी उजाड झाला तळ. जिथे पाणमांजर परतलं तिथे जंगल परतलं. अर्चिन खाऊन खाऊन या जनावराची हाडंसुद्धा जांभळी होतात, असं तिथे कळलं. समीर म्हणाला, "म्हणजे मामा, तुझे तांबूल खाल्लेले दात." मी दुर्लक्ष केलं.

आईविना सापडलेली पिल्लं इथे वाढवतात. पिल्लाला माणसाचा लळा लागू नये म्हणून कर्मचारी काळा अंगरखा घालतात आणि तोंडावर वेल्डिंगवाल्यांचा मुखवटा चढवतात. पुढे एखादी समुद्रात परत न जाऊ शकणारी मादी पिल्लाला दत्तक घेते, शिंपला कसा फोडायचा ते शिकवते, आणि मोठं झालं की त्याला मॉस लँडिंगजवळच्या एल्कहॉर्न खाडीत सोडतात. त्या खाडीत आज जी पाणमांजरं आहेत त्यांत अशा दत्तक लेकरांचा आणि त्यांच्या पिल्लांचा मोठा वाटा आहे. ती तिथले खेकडे खातात. त्यामुळे खेकड्यांनी पोखरलेले खाडीचे काठ आता पूर्वीइतके ढासळत नाहीत.

रात्री पॅसिफिक ग्रोव्हला मुक्काम केला. पहाटे ओहोटी होती. सुकतीला खडपात उतरायचं, यासाठी मला कुणी उठवावं लागत नाही. धुक्यात समुद्र मागे सरला होता आणि खडकांच्या खळग्यांत पाणी साचलं होतं. हिरवी अॅनिमोन फुलासारखी पसरलेली, बोट जवळ नेलं की मिटणारी. खडकाला स्वतःच खोबण पाडून त्यात बसलेले जांभळे अर्चिन. आणि कडेला काळ्या शिंपल्यांचे घोसच्या घोस. माझा हात सवयीने पुढे गेला. खडपात गेलं की कालवं काढायची, हे हाताला बालपणापासून माहीत. मागून आवाज आला. निळं जाकीट घातलेली एक म्हातारी स्वयंसेविका हसत सांगत होती, बघा हवं तितकं, उचलू मात्र नका. मी ओशाळलो. तिने समोरच्या खडकांकडे हात केला आणि म्हणाली, हे सगळं एका बाईमुळे.

ती बाई म्हणजे जुलिया प्लॅट. १८५७ चा जन्म. प्राण्यांच्या गर्भाचा अभ्यास करून १८९८ साली जर्मनीत डॉक्टरेट मिळवलेली. जबड्याची कूर्चा कोणत्या थरातून येते याविषयी तिने जे मांडलं ते त्या काळी कुणी मानलं नाही, पुढे खरं ठरलं. बाई म्हणून अमेरिकेत विद्यापीठात जागा मिळाली नाही, तेव्हा ती या गावात येऊन राहिली आणि गावाच्या भानगडीत लक्ष घालू लागली. समुद्रावर जायची वाट एका मालकाने फाटक लावून बंद केली, तर हिने कुऱ्हाड घेऊन ते फाटक फोडलं आणि तिथे पाटी लावली, की नगरपालिकेतली आणि पोलिसांतली पुरुषमंडळी जरा भित्री असल्यामुळे हे काम मीच केलं आहे. १९३१ साली, वयाच्या ७४ व्या वर्षी, ती महापौर झाली. त्या वेळी कॅनरींची घाण थेट पाण्यात जात होती. तिने राज्याकडून किनाऱ्याचा हक्क शहराकडे घेतला आणि इथला समुद्र राखीव केला. हिशेब साधा होता. एवढ्या तुकड्यात जीव वाचले तर त्यांची अंडी-पिल्लं प्रवाहाबरोबर आजूबाजूचा किनाराही भरून काढतील.

म्हातारीने सांगितलेली एक गोष्ट मात्र मन खाली ओढणारी. २०१३ पासून या किनाऱ्यावर तारामाशांना रोग लागला. हात गळून पडायचे, अंग विरघळून जायचं. सूर्यफूल तारामासा, मीटरभर पसरणारा, चोवीस हातांपर्यंतचा, अर्चिनांचा मोठा शत्रू, तो इथून जवळजवळ नाहीसा झाला. पाठोपाठ समुद्राचं पाणी दोन-तीन वर्षं तापलेलं राहिलं. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, जिथे पाणमांजर अजून परतलेलंच नाही, तिथलं केल्पचं जंगल नव्वद टक्क्यांहून जास्त गेलं. मॉन्टेरेत पाणमांजरांनी जास्त अर्चिन खाऊन उरलेली झाडं राखली. पण उजाड झालेल्या जागी पाणमांजरं जात नाहीत. तिथले अर्चिन उपाशी असतात, आत गर नसतो. पोकळ अर्चिन फोडण्यात वेळ कोण घालवेल? आणि पोकळ अर्चिन मरतही नाही, वर्षानुवर्षं तसाच वाट बघत बसून राहतो.

शिवाय रस्त्यावरून वाहून येणारं पाणी आहे. घरच्या मांजरांच्या विष्ठेतला एक परजीवी त्याबरोबर समुद्रात उतरतो आणि पाणमांजरांना मारतो. जमिनीवरच्या मांजराने पाण्यातलं मांजर मारायचं, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. आणि त्या खोल दरीच्या पाण्यात प्लास्टिकचे कण शोधले, तर सगळ्यांत जास्त सापडले ते दोनशे ते सहाशे मीटरांवर, जिथे सूर्यप्रकाशही धड पोहोचत नाही. बहुतेक कण बाटल्या-डब्यांच्या प्लास्टिकचे. आपण जाळं मागे घेतलं, शिकार थांबवली, तरी आपला हात पाण्यातच आहे.

परतताना मी समीरला शिव्या घातल्या नाहीत. मालवणच्या समुद्राबद्दल बोलत राहिलो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. एकोणतीस चौरस किलोमीटर. तेव्हा आमच्या घरीही कपाळाला आठ्या पडल्या होत्या. आपल्याच दारातला समुद्र आपल्याला बंद होणार, पोट कशावर भरायचं? ती भीती खोटी नव्हती, आजही नाही. मॉन्टेरेतही पाणमांजरं वाढू लागली तेव्हा अबलोनचे शिंपले काढणाऱ्यांनी ओरड केलीच होती. आमच्या रापणकरांना आजचा धाक अभयारण्याचा नाही. तो पर्ससीनच्या जाळ्यांचा आहे, एका फेरीत अख्खा थवा गुंडाळणाऱ्या. अडीच लाख टनांची गोष्ट मी त्यांना गावी गेल्यावर सांगणार आहे. समुद्र कुणी राखायचा हा वाद घालताना निदान तो रिकामा कसा होतो एवढं तरी दोन्ही बाजूंना माहीत असावं.

खडपात त्या म्हातारीने शेवटी पाण्यात बोट दाखवलं होतं. केल्पच्या पानांत गुंडाळलेलं एक पाणमांजर, पोटावर पिल्लू, दोघंही झोपलेली. पॅसिफिक ग्रोव्हच्या या खडकांजवळ पाणमांजरं परत आली ती साठच्या दशकात, आणि त्यांच्यामागून जंगल. जुलिया प्लॅट १९३५ सालीच गेली. तिच्या इच्छेप्रमाणे तिला समुद्रातच सोडलं. तिने राखलेल्या पाण्यात तिला एकही पाणमांजर दिसलं नव्हतं.